वावटळ आणि टोर्नेडो

टोर्नेडो म्हणजे गर्जन्मेघाच्या तळापासून निघून जमिनीपर्यंत पोहोचलेला आणि स्वतःभोवती प्रचंड वेगाने फिरणारा हवेचा स्तंभ होय. मराठीत त्याला घूर्णवात किंवा घूर्णवाती वादळ असेही म्हणतात. वावटळ हाही फिरणाऱ्या हवेचाच स्तंभ. परंतु ती तापलेल्या जमिनीवरून वर उठते आणि तिला ढगाची गरज नसते. सोलापूर जिल्ह्यात, किंबहुना दख्खनच्या साऱ्या कोरडवाहू पट्ट्यात, चैत्र-वैशाखातील वावटळ हे नित्याचे दृश्य आहे. टोर्नेडो मात्र या भागात अत्यंत दुर्मीळ आहे. असे असूनही अवकाळी वादळात घरांवरचे पत्रे उडाले, झाडे उन्मळली की ‘टोर्नेडो आला’ अशी वार्ता पसरते. बहुतेक वेळा ते नुकसान या दोहोंपैकी कशानेही झालेले नसते. ते वळवाच्या ढगातून खाली कोसळलेल्या थंड वाऱ्याने केलेले असते. वावटळ, टोर्नेडो आणि हा कोसळणारा वारा यांची उत्पत्ती वेगळी, खुणा वेगळ्या आणि त्यांपासून बचावाची रीतही काही अंशी वेगळी आहे.

नावे आणि त्यांतील घोटाळा

‘टोर्नेडो’ हा शब्द मेघगर्जनेसह येणाऱ्या वादळासाठी असलेल्या ‘त्रोनादा’ या स्पॅनिश शब्दावरून आला आणि ‘वळणे’ या अर्थाच्या ‘तोर्नार’ या क्रियापदाच्या प्रभावाने त्याचे आजचे रूप झाले, असे मानले जाते. मराठी वृत्तपत्रांतून त्यासाठी पुष्कळदा ‘चक्रीवादळ’ हा शब्द योजला जातो. तो टाळणे इष्ट. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, त्याचा विस्तार शेकडो किलोमीटर असतो आणि ते अनेक दिवस टिकते. टोर्नेडोची रुंदी बहुधा काहीशे मीटरांपेक्षा अधिक नसते आणि त्याचे आयुष्य मिनिटांत मोजावे लागते. चक्रीवादळाची वाटचाल उपग्रहावरून आधीपासून दिसते. टोर्नेडोबाबत तेवढी सवड कधीच मिळत नाही.

वावटळीला ग्रामीण भागात वाहटूळ, भोवरा अशीही नावे आहेत. भर दुपारी, निरभ्र आकाशाखाली, कोणतेही कारण दिसत नसताना धूळ, पाचोळा आणि चिंध्या गरगरत वर जाऊ लागतात. त्यामुळे वावटळीत भूत असते, ही समजूत खेड्यांतून दीर्घकाळ टिकून राहिली. लहान मुलांना तिच्या वाटेतून दूर ओढून घेण्याची रीत त्या समजुतीतूनच आली असली तरी ती अगदीच निरुपयोगी म्हणता येणार नाही. डोळ्यांत जाणारी माती आणि उडणारे काटे ही खरीच असतात.

वावटळ कशी उठते

सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांहून थोडे अधिक उंचीवर, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेले आहे. रब्बी ज्वारीची काढणी फाल्गुनापर्यंत उरकते, कडबा रचला जातो आणि मैलोन्‌मैल शेते उघडी पडतात. नांगरलेली काळी जमीन सूर्याची उष्णता भराभर शोषून घेते. मे महिन्यात हवेचे कमाल तापमान वारंवार ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. कोरड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग त्याहूनही पंधरा-वीस अंशांनी अधिक तापलेला असू शकतो. अनवाणी चालणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

अशा जमिनीला लागून असलेला हवेचा पातळ थर अतिशय तापतो आणि हलका होतो. त्याच्यावर तुलनेने थंड व जड हवा असते. ही स्थिती अस्थिर असते. कोठेतरी, एखाद्या बांधाजवळ किंवा नांगरट आणि पडीक रान यांच्या सीमेवर, तापलेली हवा वाट काढून वर झेपावते आणि तिची जागा घेण्यासाठी चहूकडून हवा आत धावते. या आत येणाऱ्या हवेला जे थोडेसे वळण असते, तेच केंद्राजवळ येताना वाढत जाते. दोरीला दगड बांधून गरगर फिरवला आणि दोरी बोटाभोवती गुंडाळत आखूड होऊ दिली, तर दगडाच्या फेऱ्या जलद होतात, हे अनेकांनी पाहिले असेल. फिरणारी वस्तू अक्षाच्या जवळ आली की तिचा फिरण्याचा वेग वाढतो, हा भौतिकशास्त्रातील कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम आहे. वावटळीत आणि टोर्नेडोत तोच काम करतो.

वावटळीचा व्यास बहुधा काही मीटरांपासून काही दशक मीटरांपर्यंत असतो. उंची काहीशे मीटर, क्वचित एक किलोमीटरपर्यंत जाते. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेही फिरते आणि उलटही. याबाबतीत तिचा काही नियम नाही. बहुतेक वावटळी काही मिनिटांत विरतात. सावलीत, पाण्यावर किंवा ओलिताच्या शेतावर आल्या की त्यांचा जीव जातो, कारण खालून मिळणारी उष्णता तुटते. मोठ्या वावटळीने हलके मांडव, पाल किंवा सैल पत्रा उचलला जाऊ शकतो. परंतु पक्क्या घराला तिच्यापासून धोका नसतो. मंगळ ग्रहावरही अशाच वावटळी उठतात आणि तेथे उतरलेल्या यानांनी त्यांची छायाचित्रे घेतली आहेत. मंगळावरील विरळ, कोरड्या हवेतही त्या उठतात, एवढ्यावरूनच वावटळीला पावसाळी ढग लागत नाही हे ध्यानात येईल.

टोर्नेडोची निर्मिती

टोर्नेडोची कथा खालून नव्हे, वरून सुरू होते. त्यासाठी प्रथम गर्जन्मेघ हवा, म्हणजे विजांसह गडगडाट करणारा आणि दहा-पंधरा किलोमीटर उंच चढणारा ढग. असा ढग बनण्यास तीन गोष्टी लागतात : जमिनीलगत दमट व उष्ण हवा, तिच्यावर कोरडी व थंड हवा आणि खालच्या हवेला वर ढकलणारे काही निमित्त. दमट हवा वर चढताना थंड होते, बाष्पाचे जलबिंदू बनतात आणि त्या वेळी बाष्पातील अप्रकट उष्णता मुक्त होते. ही उष्णता चढत्या हवेला आणखी वर रेटते. ढगाचे इंजिन याच इंधनावर चालते.

एवढ्याने गडगडाटी वादळ होते, टोर्नेडो होत नाही. चौथी गोष्ट लागते ती म्हणजे उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग झपाट्याने बदलणे. जमिनीजवळ वारा मंद व दक्षिणेकडून, तर पाच-सहा किलोमीटरांवर जोरदार व पश्चिमेकडून, अशी परिस्थिती असेल तर मधली हवा आडव्या अक्षाभोवती लोळू लागते. दोन तळहातांमध्ये कणकेची वळी धरून वरचा हात पुढे सरकवला की वळी जशी लोळते, तसेच हे घडते. ही आडवी, लोळणारी हवा ढगाच्या जोरदार चढत्या प्रवाहात ओढली गेली की तिचा अक्ष उभा होतो आणि मग तो चढता प्रवाह सबंधच फिरू लागतो. अशा फिरत्या चढत्या प्रवाहाच्या वादळाला सुपरसेल म्हणतात. त्यातील फिरता भाग काही किलोमीटर रुंद असतो.

यानंतरचा टप्पा सर्वांत गुंतागुंतीचा आहे. वादळाच्या पिछाडीकडून पाऊस व गारांसह थंड हवेचा एक प्रवाह खाली येतो आणि फिरत्या भागाला वळसा घालतो. या वळशात जमिनीजवळची हवा फिरू लागते, वरचा चढता प्रवाह तिला ताणून उभी व निमुळती करतो आणि अक्षाजवळ येताना तिचा वेग प्रचंड वाढतो. केंद्रातील हवेचा दाब घटतो. दाब घटल्याने हवा थंड होऊन तिच्यातील बाष्प गोठल्यासारखे दृश्य होते, म्हणजे जलबिंदूंचे नरसाळे ढगाच्या तळातून खाली उतरताना दिसू लागते. हे नरसाळे म्हणजे टोर्नेडो नव्हे, तर त्याचा केवळ दिसणारा भाग आहे. नरसाळे अर्ध्यावर लोंबत असतानाही खाली जमिनीवर हवा घातक वेगाने फिरत असू शकते.

फिरणाऱ्या सर्वच सुपरसेल वादळांतून टोर्नेडो निघत नाहीत, थोड्यांतूनच निघतात. एकसारख्या दिसणाऱ्या दोन वादळांपैकी एकच टोर्नेडो का सोडते, या प्रश्नासाठी अमेरिकेत १९९४-९५ आणि २००९-१० या काळात ‘व्होर्टेक्स’ नावाच्या मोठ्या क्षेत्रीय मोहिमा झाल्या. प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. जमिनीलगतच्या थंड हवेचे तापमान येथे निर्णायक ठरत असावे, असे संशोधनातून दिसते. ती हवा फार थंड व जड असेल तर वर उचलली जात नाही आणि भोवरा बनण्यापूर्वीच मोडतो.

टोर्नेडोची तीव्रता फुजिता श्रेणीने सांगतात. शिकागो विद्यापीठातील जपानी वंशाचे शास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता (१९२०-१९९८) यांनी ती १९७१ मध्ये मांडली. २००७ पासून अमेरिकेत तिचे सुधारित रूप वापरले जाते. त्यात शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या असून शून्य पायरीचा वेग ताशी १०५ ते १३७ किमी, तर पाचव्या पायरीचा ताशी ३२२ किमीहून अधिक धरला जातो. हे वेग प्रत्यक्ष मोजलेले नसतात. झालेल्या नुकसानीवरून अनुमानलेले असतात. उत्तर गोलार्धात बहुसंख्य टोर्नेडो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. बहुतेक दहा मिनिटांच्या आत संपतात; मात्र १८ मार्च १९२५ रोजी अमेरिकेतील तीन राज्यांतून गेलेल्या टोर्नेडोने सुमारे साडेतीन तासांत साडेतीनशे किलोमीटरांची वाट उद्ध्वस्त केली आणि ६९५ जणांचा बळी घेतला.

जलाशयावर दिसणारा जलस्तंभ बहुधा याहून सौम्य असतो. त्याला सुपरसेल लागत नाही. वाढत्या ढगाखाली हवेचा एखादा क्षीण भोवरा सापडला आणि तो ताणला गेला तरी पुरते. पुणे जिल्ह्यात जेजुरीजवळच्या नाझरे धरणाच्या जलाशयावर जून २०१८ मध्ये असे दृश्य दिसले आणि त्याचे चित्रण दूरवर पसरले. ढगाने धरणाचे पाणी ‘ओढून नेले’ असे तेव्हा सांगितले गेले. वस्तुतः जलस्तंभातील बहुतांश पाणी हे हवेतल्या बाष्पाचेच असते. जलाशयाचे पाणी केवळ तळाशी तुषारांच्या रूपाने उडते.

भारतीय उपखंडातील टोर्नेडो

टोर्नेडो म्हटले की अमेरिकेचा मध्य भाग आठवतो आणि संख्येच्या दृष्टीने ते योग्यच आहे; तेथे वर्षाला हजाराहून अधिक टोर्नेडोंची नोंद होते. परंतु ज्ञात इतिहासातील सर्वांत प्राणघातक टोर्नेडो आपल्या उपखंडात झाला. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशाच्या माणिकगंज जिल्ह्यातील दौलतपूर व साटुरिया या भागांत त्याने सुमारे १,३०० माणसे मारली. बांबू आणि पत्र्याची घरे, दाट वस्ती व पूर्वसूचनेचा अभाव यांमुळे एवढी हानी झाली. अमेरिकेतील कितीतरी अधिक तीव्र टोर्नेडोंनीही एवढे बळी घेतलेले नाहीत.

भारतात १७ मार्च १९७८ रोजी दिल्लीच्या उत्तर भागात, विद्यापीठ परिसरात टोर्नेडो आला आणि त्यात २८ जणांचा मृत्यू झाला. ३१ मार्च २००९ रोजी ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातील राजकनिका भागात, २४ मार्च २०२३ रोजी पंजाबमधील फाजिल्का जिल्ह्यातील बकैनवाला गावी आणि ३१ मार्च २०२४ रोजी पश्चिम बंगालमधील जलपाईगुडी जिल्ह्यात मैनागुडी परिसरात अशाच घटना घडल्या. या तारखा एकत्र पाहिल्या तर त्या सर्व मार्च-एप्रिलमध्येच का येतात, असा प्रश्न वाचकाला पडावा.

त्याचे उत्तर वर सांगितलेल्या चौथ्या गोष्टीत आहे. या दोन महिन्यांत उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमी झोतवारा वाहत असतो. त्याच सुमारास बंगालच्या उपसागरावरून दमट वारे बंगाल, ओडिशा आणि बांगलादेशात खालच्या थरात शिरतात व त्यांच्यावर छोटा नागपूर पठाराकडील कोरडी हवा येते. उष्णता, बाष्प, कोरडा थर आणि उंचीनुसार बदलणारा वारा हे सारे तेथे एकत्र जुळते. बंगालमध्ये ‘कालबैशाखी’ म्हणून ओळखली जाणारी वादळे यातूनच होतात आणि त्यांतील मोजकी टोर्नेडो सोडतात. जूनपर्यंत झोतवारा हिमालयाच्या उत्तरेस सरकतो आणि हा योग मोडतो.

दख्खनवरील वळीव : फिरणारा नव्हे, कोसळणारा वारा

सोलापूरच्या डोक्यावर हा योग सहसा जुळत नाही. अरबी समुद्र येथून सुमारे पावणेतीनशे किलोमीटर, तर बंगालचा उपसागर त्याच्या दुप्पट अंतरावर आहे. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्याकडून कर्नाटकाकडे जाणारा कमी दाबाचा लांबट पट्टा तयार झाला की दोन्ही समुद्रांवरचे थोडेबहुत बाष्प पठारावर येते आणि वळवाचे ढग उभे राहतात. पण उंचावरील पश्चिमी वारा तोवर येथे बराच क्षीण झालेला असतो. शिवाय जमिनीजवळची हवा कोरडी असल्याने ढगांचा तळ उंच असतो. ढगाचा तळ आणि जमीन यांत असा कोरडा, खोल थर असणे टोर्नेडोला प्रतिकूल असते.

जे टोर्नेडोला प्रतिकूल, तेच दुसऱ्या एका संकटाला अनुकूल ठरते. उंच तळाच्या ढगातून पडणारा पाऊस त्या कोरड्या थरातून येताना वाटेतच वाफ होऊ लागतो. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता भोवतालच्या हवेतून घेतली जाते, ती हवा थंड व जड होते आणि दगडासारखी खाली येते. मातीच्या माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने ही हवा गार होते. जमिनीवर आदळली की ती चहूबाजूंना पसरते. हाच तो वळवाआधीचा गार वारा. त्याच्यासोबत येणारा ओल्या मातीचा गंध सर्वांना प्रिय आहे. मात्र तोच वारा कधीकधी ताशी शंभर किलोमीटरांच्या पुढे जाऊन विजेचे खांब वाकवतो, केळीच्या बागा झोपवतो, बेदाण्याच्या शेडवरील कागद फाडतो आणि गोठ्यांचे पत्रे दुसऱ्याच्या शिवारात नेऊन टाकतो.

महाराष्ट्रात वाऱ्याने होणाऱ्या जीवितहानीकडे पाहताना या वाऱ्याला अग्रक्रम द्यावा लागतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे धुळीच्या वादळात भला मोठा जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा तेथे टोर्नेडो नव्हता. गर्जन्मेघातून पसरलेल्या वाऱ्याचा तो झोत होता. गारपिटीबाबत फेब्रुवारी-मार्च २०१४ हा काळ लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या वेळी पश्चिमी वारे नेहमीपेक्षा दक्षिणेपर्यंत उतरले होते आणि सोलापूरसह मराठवाडा, विदर्भ व उत्तर महाराष्ट्रात जवळजवळ दोन आठवडे गारपीट होत राहिली. द्राक्ष व डाळिंबाच्या बागांचे अतोनात नुकसान झाले. दख्खनवर टोर्नेडोला लागणारी परिस्थिती अगदीच अशक्य नाही, असे जे म्हणावे लागते ते अशा अपवादात्मक काळामुळे.

नुकसानीवरून ओळख

वादळ रात्री येऊन गेले, कोणी काही पाहिले नाही, तर सकाळी पडलेली झाडे साक्ष देतात. ही दृष्टी फुजिता यांच्याकडूनच आली. १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी येथील अणुबॉम्बच्या विध्वंसाची पाहणी करताना झाडे स्फोटाच्या केंद्रापासून बाहेरच्या दिशेने, ताऱ्याच्या किरणांसारखी पडलेली त्यांनी पाहिली होती. तीस वर्षांनी, २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या विमानतळाजवळ एक प्रवासी विमान उतरताना कोसळले. त्याच्या चौकशीत फुजिता यांनी अनुमान काढले की, ढगातून खाली कोसळलेल्या आणि जमिनीवर पसरलेल्या हवेने विमानाला खाली दाबले असावे. अनेक तज्ज्ञांना ते पटले नव्हते. पुढे रडारच्या साहाय्याने केलेल्या निरीक्षणांनी ते सिद्ध झाले आणि विमानतळांवर अशा वाऱ्याची सूचना देणाऱ्या यंत्रणा आल्या.

सोलापूरच्या एखाद्या शिवारातही ही कसोटी लावता येते. सारी झाडे, खांब आणि ऊस एकाच दिशेला किंवा एका ठिकाणापासून पंख्यासारखे बाहेर पडले असतील, तर वारा वरून कोसळलेला आहे. पट्टा अरुंद व लांब असेल, त्याच्या दोन्ही कडांची झाडे आतल्या बाजूला, एकमेकांकडे किंवा एकमेकांवर आडवीतिडवी पडली असतील आणि शंभर मीटरांवरचे घर शाबूत असेल, तर टोर्नेडोचा संशय घ्यावा. एखादे खोड पिळलेले दिसले म्हणून निर्णय देऊ नये. असमतोल फांद्यांचे झाड सरळ वाऱ्यातही पिळले जाते.

येणारा टोर्नेडो कसा ओळखावा

सर्वप्रथम आकाश पाहावे. डोक्यावर निळे आकाश व कडक ऊन असताना धुळीचा खांब फिरत असेल, तर ती वावटळ होय. टोर्नेडोच्या वर नेहमी मोठा, काळवंडलेला ढग असतो.

वादळाच्या मुख्य पावसापासून थोड्या बाजूला, जेथे पाऊस पडत नाही अशा ठिकाणी, ढगाच्या तळाचा एक भाग भिंतीसारखा खाली उतरलेला दिसू शकतो. त्याला भिंतमेघ म्हणतात. तो निरखून पाहिला असता सावकाश पण सातत्याने फिरताना दिसला, तर ती सर्वांत महत्त्वाची पूर्वखूण आहे. एका जागी स्थिर राहून झाडाच्या शेंड्याशी किंवा खांबाशी तुलना करत पाहिले तर फिरणे ध्यानात येते. नुसते ढग धावताना दिसले म्हणून ते फिरत आहेत असे होत नाही. मोठ्या गारा पडून एकाएकी थांबणे, जोराचा वारा अचानक पडणे, आकाशाला हिरवट झाक येणे या खुणा टोर्नेडोपूर्वी दिसल्याच्या नोंदी आहेत. परंतु त्यांपैकी एकही खात्रीची नाही. हिरवट आकाश साध्या गारपिटीच्या ढगातही दिसते.

खात्रीची खूण जमिनीवर असते. नरसाळे पूर्ण खाली आलेले नसले तरी त्याच्या बरोबर खाली धूळ व कचरा गरगरत उठू लागला असेल, तर टोर्नेडो जमिनीवर पोहोचला आहे असे समजावे. आवाजाचे वर्णन बहुतेक साक्षीदार आगगाडीच्या किंवा धबधब्याच्या सतत घुमणाऱ्या घोषासारखे करतात. मेघगर्जना उठते आणि विरते. हा घोष थांबत नाही, वाढत जातो. रात्रीच्या वेळी जमिनीलगत निळसर-हिरवे लखलखाट दिसणे म्हणजे विजेच्या तारा तुटत असल्याचे चिन्ह होय. पुष्कळदा टोर्नेडो पावसाच्या पडद्याआड पूर्णपणे दडलेला असतो, तेव्हा हा आवाजच काय तो कळतो.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. टोर्नेडो डावीकडे किंवा उजवीकडे सरकताना दिसत असेल, तर तो बहुधा बाजूने जाणार. तो एकाच जागी उभा असल्यासारखा वाटत असेल आणि मोठा होत असेल, तर तो थेट पाहणाऱ्याकडे येत आहे. मोबाईलवर चित्रण करणाऱ्यांची फसगत नेमकी येथेच होते.

चकवणारी दृश्येही पुष्कळ आहेत. दूरवर पडणाऱ्या पावसाची तिरपी सर, ढगाखाली लोंबणारे ढगांचे फाटके पुंजके, साखर कारखान्याच्या चिमणीचा धूर, उसाचे पाचट पेटवल्यावर उठणारा धुराचा लोट यांना दुरून नरसाळ्याचा आकार येऊ शकतो. यांपैकी काहीही सातत्याने उभ्या अक्षाभोवती फिरत नाही. पेटलेल्या पाचटावर मात्र खरीखुरी आगीची वावटळ उठू शकते आणि ती ठिणग्या शेजारच्या उभ्या उसात नेते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती टोर्नेडोपेक्षा कितीतरी निकटची भीती आहे.

बचाव

वारा फिरणारा असो वा कोसळणारा, माणसे मुख्यतः दोन कारणांनी मरतात : उडून येणाऱ्या वस्तू आणि अंगावर पडणारी भिंत, झाड किंवा फलक. म्हणून पक्क्या इमारतीच्या सर्वांत खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून दूर, मधल्या लहान खोलीत बसणे आणि डोके व मान गादीने किंवा हातांनी झाकणे हा सर्वमान्य उपाय आहे. दाब समान व्हावा म्हणून खिडक्या उघडाव्यात, हा जुना सल्ला चुकीचा ठरला आहे. घराचे छप्पर आत शिरलेल्या वाऱ्याने अधिक लवकर उचलले जाते. पुलाखाली थांबणेही धोक्याचे, कारण त्या चिंचोळ्या जागेत वाऱ्याचा वेग वाढतो.

सोलापूर भागातील पत्र्याच्या घरांचा प्रश्न वेगळा आहे. पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची प्रथा सर्वत्र दिसते. साध्या वाऱ्यात त्याचा उपयोग होतो. मोठ्या झोतात तेच दगड खाली बसलेल्यांच्या डोक्यावर येतात. पत्रे आकड्यांनी व बोल्टने तुळयांना आणि तुळया भिंतीला घट्ट आवळणे हाच खरा उपाय आहे. आकाश भरून आले की पत्र्याच्या शेडमधून, मग ते गोठ्याचे असो वा यंत्रमागाचे, जवळच्या स्लॅबच्या इमारतीत जावे. जुनी माळवदाची घरे जाड भिंतींमुळे वाऱ्याला तोंड देतात. परंतु भिजून जड झालेले माळवद कोसळण्याचा धोका असतो, हे विसरता येत नाही.

उघड्या रानात सापडलेल्यासाठी दोन सल्ले एकमेकांच्या विरुद्ध जातात. टोर्नेडो समोर असेल तर खोलगट जागी पालथे झोपून डोके झाकावे, असे सांगतात. विजा होत असताना मात्र जमिनीवर आडवे पडू नये. पाय जुळवून उकिडवे बसावे, असे सांगितले जाते. दख्खनवर वीज पडण्याचा संभव टोर्नेडोच्या तुलनेत कितीतरी पटींनी अधिक आहे, म्हणून समोर प्रत्यक्ष नरसाळे दिसत नसेल तर विजेचाच नियम पाळावा. झाडाखाली थांबणे दोन्ही प्रसंगी घातक आहे.

पूर्वसूचना

टोर्नेडोचा पहिला यशस्वी अधिकृत अंदाज २५ मार्च १९४८ रोजी अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील टिंकर हवाई तळावर अर्नेस्ट फॉबुश व रॉबर्ट मिलर या दोन अधिकाऱ्यांनी वर्तवला. पाचच दिवसांपूर्वी त्याच तळावर टोर्नेडो येऊन गेला होता आणि आकाशाची स्थिती पुन्हा तशीच झाल्याचे त्यांना दिसले. त्याआधी कित्येक दशके तेथील हवामान खाते लोकांत घबराट पसरेल या भीतीने अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्दच टाळत असे.

आज डॉप्लर रडार ढगातील जलबिंदू रडारकडे येत आहेत की दूर जात आहेत हे ओळखते. शिट्टी वाजवत येणाऱ्या आगगाडीचा स्वर ती पुढे निघून जाताच बदलतो, तेच तत्त्व येथे रेडिओलहरींसाठी वापरलेले आहे. शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांत एकीकडे येणारा आणि दुसरीकडे जाणारा वारा दिसला, तर तेथे हवा फिरत आहे. मात्र पृथ्वीच्या वक्रतेमुळे दूरच्या वादळाचा केवळ वरचा भाग रडारला दिसतो, त्यामुळे काहीशे मीटर रुंदीचा प्रत्यक्ष टोर्नेडो बहुधा निसटतो. अमेरिकेतही टोर्नेडोची सूचना सरासरी दहा मिनिटांच्या आसपासच आधी मिळते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ व २०१९ मध्ये सोलापूर परिसरात मेघबीजनाचे प्रयोग केले, तेव्हा येथील ढगांचे डॉप्लर रडारने निरीक्षण झाले होते. त्या प्रयोगांचा हेतू पर्जन्यवाढीचा होता.

भारतीय हवामान विभाग तीन तासांपर्यंतचे तात्कालिक अंदाज जिल्हानिहाय देतो. त्यांत मेघगर्जना, गारपीट व सोसाट्याच्या वाऱ्याचा अपेक्षित वेग सांगितलेला असतो आणि पिवळा, नारिंगी व लाल अशा रंगांनी गांभीर्य दर्शवले जाते. वरील पुण्याच्या संस्थेचेच ‘दामिनी’ हे मोबाईल उपयोजन परिसरातील विजांची सूचना देते. वादळ ओसरल्यावर तुटून पडलेल्या तारांत वीजप्रवाह असू शकतो, म्हणून पंचनाम्यासाठी किंवा बागेची पाहणी करण्यासाठी निघण्यापूर्वी वाहिनी बंद असल्याची खात्री वीज कर्मचाऱ्यांकडून करून घ्यावी. ओल्या शेतात तारेपासून काही मीटर दूर उभ्या असलेल्या माणसालाही आणि जनावरालाही विजेचा धक्का बसू शकतो.